'एल'ची पाटी उतरल्यानंतर

मोटार चालवण्याचा पक्का परवाना हातात पडून मला जेमतेम दोन महिने झाले होते. सकाळची शाळेत पोहोचण्याची घाई होती आणि माझ्या पुढे एक गाडी रांगत चालली होती. तिच्या मागच्या काचेवर पांढऱ्या चौकोनात लाल 'एल' होता. चौकातला दिवा हिरवा झाला, गाडीने एक हिसका दिला आणि ती बंद पडली. मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. 'ही माणसे ऐन शाळेच्या वेळेला रस्त्यावर कशाला येतात' असे काहीतरी मोठ्याने म्हणालोही. अखेर ती गाडी कडेला झाली. पुढे जाताना मी आत डोकावून पाहिले. शिकणाऱ्या बाईंच्या शेजारी जे गृहस्थ बसले होते, तेच चार महिन्यांपूर्वी मला शिकवत होते. त्यांनी मला ओळखले आणि हसून हात केला.

याच चौकात, याच गाडीत, क्लच लवकर सोडल्यामुळे माझीही गाडी अशीच बंद पडत असे. मागून हॉर्न वाजला की माझे हातपाय गळत आणि मग ती दुसऱ्यांदा बंद पडे. हे सगळे मी दोन महिन्यांत विसरलो कसा?

शिक्षक म्हणून हा प्रश्न मला जरा जास्तच टोचला. वर्गात अपूर्णांकांचा भागाकार कालच जमू लागलेला मुलगा आज न जमणाऱ्या मुलीला 'इतके सोपे कसे येत नाही' म्हणून हसतो, तेव्हा आपण त्याला दटावतो. पण हे असे का होते याचा विचार सहसा करत नाही. म्हणून 'शिकाऊ चालक' आणि 'पक्का चालक' ही विभागणी मुळात कुठून आली, याचा शोध घ्यायचा मी प्रयत्न केला. तो इतिहास मोठा उद्बोधक निघाला.

सगळेच शिकाऊ होते तेव्हा

जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. रस्त्यावर ती चालवण्यासाठी १८८८ साली त्यांना सरकारकडून लेखी परवानगी घ्यावी लागली. जगातील पहिला मोटार-परवाना म्हणून या कागदाचा उल्लेख केला जातो. पण त्यांची परीक्षा घेणार कोण? मोटार चालवणे म्हणजे काय हे त्यांच्याखेरीज कोणाला माहीतच नव्हते! त्याच वर्षी त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर दूर, मोटारीने गेल्या. वाटेत बिघाड झाले ते त्यांनीच दुरुस्त केले आणि इंधन औषधाच्या दुकानातून विकत घेतले. त्या काळी मोटार चालवणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

चालकाची पात्रता तपासली पाहिजे, हे फ्रान्समध्ये लवकर लक्षात आले. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली मोटारचालकांना पात्रतेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. इंग्लंडने मात्र वेगळी वाट धरली. तेथे १८६५ च्या कायद्यानुसार रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनांना गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ताशी ४ मैल एवढीच मुभा होती. शिवाय इंजिनापुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचे! निशाणाची सक्ती पुढे सैल झाली आणि १८९६ च्या कायद्याने हलक्या मोटारींवरची ही सगळी बंधने उठली.

हा कायदा संमत झाला होता, पण अमलात यायचा होता, तेव्हाची एक घटना सांगण्याजोगी आहे. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात एक कंपनी लोकांना मोटारीची प्रात्यक्षिके दाखवत होती. त्यांपैकी एका मोटारीखाली ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची स्त्री सापडली आणि मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीखाली सापडून मेलेली पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. चालकाचे म्हणणे असे की, आपण ताशी ४ मैलांनी, म्हणजे माणसाच्या चालीनेच जात होतो. त्याला मोटार चालवू लागून अवघे तीन आठवडे झाले होते. रस्त्याच्या कोणत्या बाजूने जायचे, हेदेखील त्याला कोणी सांगितलेले नव्हते. चौकशीत हा मृत्यू 'अपघाती' ठरला आणि असे पुन्हा कधी घडू नये अशी इच्छा चौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केली.

या घटनेतील चालक तीन आठवड्यांचा होता, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

पाच शिलिंगांचा परवाना

ब्रिटनमध्ये १९०३ साली मोटार कायदा झाला आणि १९०४ च्या आरंभापासून चालकाला परवाना सक्तीचा झाला. परवान्याची फी ५ शिलिंग. मोटारीसाठी वयाची अट १७ वर्षे आणि मोटारसायकलसाठी १४ वर्षे. परीक्षा मात्र नव्हती! कचेरीत पैसे भरले की परवाना हाती पडे. चालकाची ओळख पटावी एवढाच त्याचा हेतू होता. त्याला मोटार चालवता येते की नाही, याच्याशी परवान्याचा संबंध नव्हता.

मग लोक शिकत कसे? मोटार विकणारा माणूस गिऱ्हाइकाला थोडेफार शिकवी. श्रीमंत घरांत पगारी चालक असे, तो मालकाच्या मुलांना शिकवी. बाकीचे एकमेकांचे पाहून शिकत. शिकवण्याचा धंदा हळूहळू उभा राहिला. जर्मनीतील आशाफनबुर्ग येथे १९०४ साली चालकांसाठी शाळा निघाली आणि लंडनमध्ये १९१० साली ब्रिटिश स्कूल ऑफ मोटरिंग. पण तेथे जायलाच हवे असे बंधन कोणावर नव्हते.

पुढची तीस वर्षे हे असेच चालले. १९३० च्या कायद्याने तर खासगी मोटारींवरची वेगमर्यादाच उठवली, कारण ती कोणीच पाळत नव्हते! त्याच कायद्याने विम्याची सक्ती आली आणि १९३१ साली रस्त्यावर कसे वागावे याची 'हायवे कोड' ही एक पेनी किमतीची पुस्तिका निघाली. परीक्षा मात्र या वेळीही आली नाही.

परिणाम काय झाला? १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर सुमारे २४ लाख वाहने होती आणि त्या एका वर्षात ७,३४३ माणसे अपघातांत मेली. म्हणजे दर सव्वातीनशे वाहनांमागे वर्षाला एक मृत्यू. जखमींची संख्या २ लाख ३१ हजारांच्या वर होती. मृतांपैकी जवळजवळ निम्मे पादचारी होते.

शिकायचे कोणी?

या आकड्यांवरून पार्लमेंटमध्ये वाद झाला. त्यात मूर-ब्रॅबझन या सभासदाने केलेले भाषण प्रसिद्ध आहे. हे गृहस्थ साधेसुधे नव्हते. ब्रिटनमधील विमानचालकाचे पहिल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र त्यांच्या नावावर होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : वर्षाला सहा हजारांहून अधिक लोक आत्महत्या करतात, त्याबद्दल कोणी ओरड करत नाही. पूर्वी आम्ही मोटारीने फेरफटका मारून आलो की रेडिएटरमध्ये कोंबड्यांची पिसे अडकलेली असत. कुत्रीही मरत. आता कुत्री मोटार पाहून बाजूला होतात. खालच्या प्राण्यांनासुद्धा शिक्षण मिळते, तसे हेही आपोआप सुरळीत होईल.

हा युक्तिवाद आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्यातली एक गोष्ट शिक्षकांनी नीट पाहण्यासारखी आहे. शिक्षण हवे, हे त्यांनाही मान्य होते. फक्त ते कोणी घ्यायचे? कुत्र्यांनी, कोंबड्यांनी आणि पादचाऱ्यांनी! ज्याच्या हातात चक्र आहे त्याला शिकण्यासारखे काही उरलेले नाही, असे ते गृहीत धरून चालले होते.

सुदैवाने कायदा या मताप्रमाणे झाला नाही. १९३४ च्या कायद्याने वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आणली आणि नव्या चालकांना परीक्षा सक्तीची केली. त्या वेळी वाहतूकमंत्री होते लेस्ली होर-बलीशा. पादचाऱ्यांसाठी रस्ता ओलांडण्याच्या जागी काळ्या-पांढऱ्या खांबावर नारिंगी गोळा असलेले जे दिवे ब्रिटनमध्ये दिसतात, त्यांना आजही त्यांचेच नाव आहे. एकदम गर्दी होऊ नये म्हणून मार्च १९३५ मध्ये ऐच्छिक परीक्षा सुरू झाल्या आणि १ जून १९३५ पासून त्या सक्तीच्या झाल्या.

परीक्षेची फी होती साडेसात शिलिंग. स्वतंत्र परीक्षा-केंद्रे अजून नव्हती, त्यामुळे परीक्षक आणि उमेदवार रेल्वे स्टेशन, पोस्ट किंवा नगरभवन अशा ठरलेल्या ठिकाणी भेटत. अर्धा तास परीक्षा चाले. त्यात हाताने करायच्या खुणांना मोठे महत्त्व होते. त्या पहिल्या वर्षी सुमारे ६३ टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले. म्हणजे दर तिघांतला एकाहून थोडा अधिक नापास!

आणि याच वर्षी ती पाटी आली. पांढऱ्या चौकोनावर लाल 'एल'. पुढे आणि मागे.

१ एप्रिल १९३४ ची रेषा

आता या कायद्यातली खरी मेख पाहू. परीक्षा सर्वांना नव्हती. ज्यांनी १ एप्रिल १९३४ या दिवशी किंवा त्यानंतर मोटार चालवायला सुरुवात केली, त्यांनाच ती सक्तीची होती. त्याआधीपासून चालवणाऱ्यांना काहीही न करता पक्के चालक मानण्यात आले. लाखो अनुभवी चालकांची परीक्षा घ्यायला पुरेसे परीक्षक नव्हते, आणि इतक्या लोकांना एकाच वेळी दुखावणे कोणत्याही सरकारला परवडले नसते.

म्हणजे चित्र असे झाले. मार्च १९३४ मध्ये मोटार घेतलेला माणूस कोणतीही परीक्षा न देता पक्का चालक. मे १९३४ मध्ये घेतलेला त्याचा शेजारी मात्र शिकाऊ! त्याच्या गाडीला 'एल'ची पाटी, शेजारी परवानाधारक माणूस हवा, आणि साडेसात शिलिंग भरून परीक्षाही द्यायची. दोघांच्या कौशल्यात दोन महिन्यांचाही फरक नाही. पण रस्त्यावरच्या लोकांना दिसते ती पाटी. १९३५ च्या उन्हाळ्यात 'एल'च्या मागे अडकून हॉर्न वाजवणारे जे कोणी असतील, त्यांतल्या बहुतेकांनी स्वतः एकही परीक्षा दिलेली नव्हती.

'शिकाऊ' आणि 'पक्का' यांच्यातली रेषा कौशल्याने आखलेली नव्हती, ती कारभाराच्या सोयीने आखलेली होती, हे यावरून स्पष्ट होते. आणि ही रेषा सोयीप्रमाणे पुसलीही जाई. दुसरे महायुद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये परीक्षा बंद झाल्या, त्या नोव्हेंबर १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. सुएझ कालव्याच्या पेचप्रसंगात पेट्रोलचा तुटवडा पडला, तेव्हा २४ नोव्हेंबर १९५६ पासून पुढल्या एप्रिलपर्यंत परीक्षा पुन्हा थांबल्या. परीक्षकांना पेट्रोलच्या रेशनिंगच्या कामाला लावले आणि शिकाऊ चालकांना एकट्याने गाडी चालवण्याची मुभा दिली!

परीक्षेमुळे अपघात कमी झाले का? १९३५ साली मृतांची संख्या ६,५०२ वर आली, हे खरे. परंतु त्याच वर्षी वेगमर्यादाही आली आणि पादचाऱ्यांसाठी ओलांडण्याच्या जागाही वाढल्या. तीन गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय कोणाला द्यायचे? उलट १९४१ साली परीक्षा बंद असताना ९,१६९ माणसे मेली. पण तेव्हा युद्धामुळे रस्त्यावर संपूर्ण अंधार पाळला जात होता. विज्ञानाच्या तासाला 'एका वेळी एकच घटक बदलावा' असे आपण सांगतो. इतिहास ही शिस्त पाळत नाही, म्हणून त्याचे आकडे जपून वापरावे लागतात.

धोका कोणाकडून?

पाटीच्या आत आणि पाटीच्या मागे बसलेल्या माणसांचा अभ्यास पुढे मानसशास्त्रज्ञांनी केला. त्यातून निघालेली पहिली गोष्ट बहुतेकांच्या अपेक्षेच्या अगदी उलट आहे. शिकाऊ चालकाच्या हातून गंभीर अपघात फार कमी होतात. याचे कारण तो कुशल असतो हे नव्हे. त्याच्या शेजारी जाणता माणूस असतो, वेग कमी असतो, रस्ते आणि वेळ निवडलेली असते. अपघातांचे प्रमाण एकदम उंच जाते ते पक्का परवाना मिळून माणूस एकट्याने चालवू लागतो त्या पहिल्या काही महिन्यांत. कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतातील नवचालकांचा जो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की पहिल्या महिन्याच्या तुलनेत सातव्या महिन्यात हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी खाली येते. क्रिस्टल पॅलेसचा तो तीन आठवड्यांचा चालक आठवतो ना?

पहिल्या महिन्यांत असे काय कमी असते? क्लच, गिअर, ब्रेक हे तर हाताला बसलेले असते. १९७२ साली मूरंट आणि रॉकवेल या अमेरिकन संशोधकांनी गाडी चालवताना माणसाची नजर कुठे फिरते हे टिपले. त्यांच्या प्रयोगात चालक मोजकेच होते, पण फरक स्पष्ट होता. अनुभवी चालक दूरवर पाहत, त्यांची नजर रुंद पट्ट्यात फिरे आणि आरशाकडे वारंवार जाई. नवशिक्यांची नजर गाडीच्या पुढच्या थोड्याच भागात आणि रस्त्याच्या कडेवर खिळलेली असे. आरसा ते क्वचित पाहत. हात शिकतात त्याच्या कितीतरी नंतर डोळे शिकतात. हाताचे शिक्षण झालेले चालकाला स्वतःला कळते. डोळ्यांचे शिक्षण व्हायचे राहिले आहे हे मात्र त्याला कळत नाही. जे आपण पाहिलेच नाही, ते पाहायचे राहिले हे कळणार कसे?

त्यात भर पडते आत्मविश्वासाची. १९८१ साली ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील आणि स्वीडनमधील विद्यार्थ्यांना विचारले : तुमच्या या गटातील चालकांशी तुलना केली तर तुमचे कौशल्य कितपत? अमेरिकेतील ९३ टक्के आणि स्वीडनमधील ६९ टक्के विद्यार्थ्यांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवले. आता वरच्या अर्ध्या भागात ५० टक्क्यांहून जास्त माणसे मावतील कशी? अपघाताने तरी डोळे उघडतात का? १९६५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, अपघातामुळे इस्पितळात दाखल झालेल्या ५० चालकांची तुलना अपघात न झालेल्या ५० चालकांशी केली होती. पोलिसांच्या मते इस्पितळातील निम्म्याहून अधिक चालक स्वतःच अपघाताला जबाबदार होते. तरीही आपल्या कौशल्याबद्दल दोन्ही गटांचे मत जवळजवळ सारखेच होते!

राहिला प्रश्न हॉर्नचा. १९६८ साली डूब आणि ग्रॉस या संशोधकांचा एक साधा, गमतीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियात चौकातला दिवा हिरवा झाला तरी पुढची गाडी मुद्दाम थांबवून ठेवायची आणि मागचा माणूस किती वेळात हॉर्न वाजवतो ते मोजायचे. पुढची गाडी कधी नवी, महागडी आणि चकचकीत असे, तर कधी जुनाट. जुनाट गाडीमागच्या ८४ टक्के चालकांनी बारा सेकंदांच्या आत हॉर्न वाजवला, महागड्या गाडीमागच्या ५० टक्क्यांनीच. खोळंबा दोन्हीकडे सारखाच! पुढे, 'तुम्ही काय कराल' असे विद्यार्थ्यांना नुसते विचारले, तेव्हा मुलांनी उलटेच सांगितले : महागड्या गाडीमागे आपण आधी हॉर्न वाजवू. आपण कसे वागतो, हेही आपल्याला ठाऊक नसते.

या प्रयोगात 'एल'ची पाटी नव्हती. पण त्यावरून एक अंदाज बांधता येतो. हॉर्न वाजतो तो केवळ खोळंब्यामुळे नाही. समोरचा उलटून बोलणार नाही, याची खात्रीही त्यामागे असते. 'एल'ची पाटी सांगते की पुढचा माणूस शिकतो आहे, सांभाळून घ्या. मागचा माणूस ती वाचतो ती अशी, की पुढचा माणूस आपल्याहून कमी आहे. आणि काल-परवाच स्वतःची पाटी काढलेल्या माणसाला तर हा 'कमी' कोणीतरी हवाच असतो, कारण आपण आता शिकाऊ नाही, याचा दुसरा पुरावा अजून त्याच्याकडे नसतो. निदान माझे तरी त्या दिवशी असेच झाले.

रेषा पुसट करण्याचे प्रयत्न

काल शिकाऊ आणि आज पक्का, ही एका दिवसाची उडी चुकीची आहे, हे अनेक देशांना कळले. उत्तर आयर्लंडमध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही वर्षभर 'आर' अक्षराची पाटी लावून ताशी ४५ मैलांच्या आत चालवण्याची पद्धत पडली. न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याचा परवाना आणला : आधी शिकाऊ, मग रात्रीची वेळ आणि बरोबरचे प्रवासी यांवर बंधने असलेला मधला टप्पा, आणि त्यानंतर पक्का.

ब्रिटनने १९९५ साली वेगळाच कायदा केला, तो १९९७ पासून अमलात आला. परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांत चालकाच्या नावावर नियमभंगाचे सहा गुण जमा झाले, तर त्याचा परवाना रद्द होतो आणि त्याला पुन्हा शिकाऊ परवाना घेऊन, 'एल'ची पाटी लावून, नव्याने परीक्षा द्यावी लागते. १९३४ साली कायद्याने ओढलेली रेषा पुन्हा उलट दिशेने ओलांडावी लागू शकते, हे असे स्पष्टपणे सांगितले गेले.

मला सर्वांत आवडला तो जपानचा मार्ग. तेथे १९७२ पासून नव्या चालकाला वर्षभर गाडीवर हिरव्या-पिवळ्या पानाच्या आकाराचे चिन्ह लावावे लागते. त्याला 'कोवळे पान' असेच म्हणतात. मात्र तेथील कायदा एवढ्यावर थांबत नाही. असे चिन्ह असलेल्या गाडीला चेपत बाजूने जाणे किंवा तिच्यापुढे जबरदस्तीने घुसणे हा इतर चालकांचा गुन्हा ठरतो. चिन्ह नवशिक्याच्या गाडीवर, पण कर्तव्य मात्र जाणत्यांवर! शिकणाऱ्याच्या भोवतीची माणसे कशी वागतात, हाही त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे, हे येथे कायद्यात उतरले आहे.

आपल्याकडे १९१४ साली देशभरासाठी मोटार वाहन कायदा झाला. ब्रिटनमध्ये परीक्षा सुरू झाल्यावर चारच वर्षांनी, १९३९ च्या कायद्यात, चालकाची परीक्षा आली. १९८८ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. शिकाऊ परवाना, शेजारी जाणता माणूस, पांढऱ्यावर लाल 'एल', किमान तीस दिवसांनी परीक्षा आणि मग पक्का परवाना, असा आपला क्रम आहे. त्या कायद्यात मोटारीसाठी 'कोवळ्या पाना'चा टप्पा नाही. पाटी उतरते त्या दिवशी सगळे बंधन संपते. आणि धोका नेमका त्याच दिवशी वाढलेला असतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

आपल्या शाळांतही अशा अदृश्य पाट्या असतात. 'कच्चा' आणि 'हुशार' या पाट्यांमधली रेषा अनेकदा एका चाचणीने, एका तारखेने, गुणांच्या एका आकड्याने ओढलेली असते. पस्तीस गुण मिळालेल्याला चौतीसवाला फार मागे वाटतो. नुकतेच शिकलेले मूल दुसऱ्याला छान शिकवूही शकते, कारण वाट त्याच्या पायाखालची असते. पण तेच मूल सर्वांत कठोरही होऊ शकते. या दोन्हींपैकी काय घडेल हे बऱ्याच अंशी वर्गातील वातावरणावर अवलंबून असते.

स्वेन्सन यांचा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात सहज करता येतो. प्रत्येकाला नाव न घालता चिठ्ठीवर एकच उत्तर लिहायला सांगा : सायकल चालवण्यात मी या वर्गाच्या वरच्या अर्ध्या भागात आहे की खालच्या? चिठ्ठ्या फळ्यावर मोजा आणि निघणाऱ्या टक्केवारीवर मुलांनाच बोलू द्या. मग दुसरा प्रश्न विचारा : सायकल शिकताना तुम्ही कोठे, कसे पडलात आणि तेव्हा कोण हसले होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळे झटकन देतील. दुसऱ्याला थोडा वेळ द्या. तो आठवावा लागतो.

मी माझ्या गाडीच्या हातमोज्यांच्या कप्प्यात माझी जुनी 'एल'ची पाटी अजून ठेवली आहे. कोणी शिकायला मागितली तर देता येईल म्हणून, आणि कधी चौकात दिवा हिरवा होऊनही पुढची गाडी हलली नाही तर आठवावी म्हणूनही.